आधी काय, मग काय : थरांच्या अमूर्त चित्रकलेची प्रस्तावना

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांचा रंगांशी पहिला गंभीर संबंध येतो तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांमुळे. संकल्पचित्राच्या पेपरला पोस्टर कलर सपाट लावायचा, कडा स्वच्छ ठेवायच्या आणि एकदा लावलेल्या रंगावरून पुन्हा ओला ब्रश फिरवायचा नाही, हे चित्रकलेच्या सरांनी बजावून ठेवलेले असते. फिरवला की खालचा रंग सुटतो, वरच्यात कालवला जातो आणि दोन्हींचा चिखल होतो. पोस्टर कलरमध्ये रंगद्रव्य धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळणारा असतो. वाळून खडखडीत झाला तरी पाण्याचा हात लागताच तो पुन्हा सैल होतो. आपला विषय या चिखलाच्या पलीकडे सुरू होतो. अ‍ॅक्रिलिक रंगही पाण्यातच कालवतात, पण एकदा वाळला की पाणी त्याला सोडवू शकत नाही. म्हणून त्यावर दुसरा हात देता येतो, तिसरा देता येतो, विसावाही देता येतो, आणि पहिला जागचा हलत नाही. या एका गुणावर एक अख्खी चित्रपद्धती उभी राहिली आहे.

ही प्रस्तावना एखाद्या ग्रंथाला जोडलेली नाही, एका विषयाला जोडलेली आहे: थरांवर थर देत घडवलेले अमूर्त अ‍ॅक्रिलिक चित्र, ते करण्याची रीत आणि ते पाहण्याची रीत. मी ती मुर्रीत बसून लिहितो आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावातून निघून विदर्भ एक्सप्रेस पकडली, तर मुंबईतल्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारापर्यंत पोहोचायला अख्खी रात्र जाते, आणि चित्रे पाहायची म्हणून तेवढा प्रवास करणारे थोडेच. अमूर्त चित्र मोबाइलवर कधीतरी पाहिले असेल, पण त्याच्यासमोर प्रत्यक्ष उभे राहण्याचा योग आला नाही, असे वाचक या भागात पुष्कळ आहेत. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेच आहेत. या विषयात शिरायला ना कलामहाविद्यालयाची पदवी लागते, ना मुंबईचा पत्ता. थोडा धीर आणि बारकाईने पाहण्याची तयारी मात्र लागते.

अमूर्त चित्रासमोर पहिला प्रश्न येतो, ‘हे कशाचे आहे?’ प्रश्न रास्त आहे. आजवर पाहिलेल्या चित्रांनी आपल्याला तोच विचारायला शिकवले. पण उत्तर मिळत नाही, आणि आपल्यालाच कळत नसावे असे वाटून माणूस ओशाळून पुढे सरकतो. कलासमीक्षेने या ओशाळलेपणात भर घातली आहे, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. अंतर्मन, अवकाश, अनंत, मौन असे शब्द तिने इतके सढळ वापरले की पाहणाऱ्याचे डोळे चित्रावर टेकण्याआधीच कॅटलॉगातल्या मजकुरात अडकले. मी सुचवतो तो प्रश्न फार साधा आहे: इथे आधी काय लावले, आणि मग काय? याचे उत्तर चित्रातच असते, डोळ्यांनी शोधता येते, आणि दोन माणसांना त्यावर पुरावा दाखवून वाद घालता येतो. एकाला आकाश दिसले आणि दुसऱ्याला समुद्र दिसला, तर बोलणे तिथेच थांबते. निळ्याखाली तांबडा आहे की तांबड्याखाली निळा, यावर मात्र तासभर बोलता येते, आणि त्या तासाअखेरीस दोघांनीही ते चित्र खरोखर पाहिलेले असते.

सुरुवात कॅनव्हासच्या कडेपासून करावी. चौकटीवर ताणून मागे वळवलेल्या कापडाच्या बाजू चित्रकार बहुधा रंगवून झाकत नाही. समोरून झाकल्या गेलेल्या रंगांचे ओघळ तिथे उघडे राहतात. समोर राखाडी दिसणाऱ्या चित्राच्या कडेला गेरूचा पट्टा, त्यावर हिरवट ओघळ आणि त्यावर पांढऱ्याचा जाड काठ दिसला, की तीन थरांचा क्रम तिथल्या तिथे हाती येतो. त्यानंतर बाजूला सरकून चित्र तिरपे पाहावे. तिरप्या उजेडात उंचवटे कळतात: कुठे मास्किंग टेप लावून काढली, कुठे वाळलेल्या जाड फटकाऱ्यावरून पातळ रंग वाहून तो खाचांत साचला. मग समोर यावे. आता जो राखाडी सपाट वाटत होता, तो काही ठिकाणी ऊबदार आणि काही ठिकाणी थंड का दिसतो, हे उमगू लागते. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीही दिसत नाही, कारण फोटोत सगळे थर एकाच पातळीवर येतात.

हे द्रव्य कुठून आले, हेही थोडे सांगायला हवे. अ‍ॅक्रिलिक रेझिनचा उद्योग जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो रोम यांच्या संशोधनातून उभा राहिला. 1933मध्ये त्यांच्या कंपनीने प्लेक्सिग्लास या नावाने अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक काच बाजारात आणली. चित्रकारांसाठीचा पहिला महत्त्वाचा अ‍ॅक्रिलिक रंग, मॅग्ना, अमेरिकेत लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी 1940च्या दशकात तयार केला. तो टर्पेंटाइनसारख्या द्रावकात कालवावा लागे. पाण्यात कालवता येणारा लिक्विटेक्स 1950च्या दशकाच्या मध्यावर आला, आणि आज आपण ज्याला अ‍ॅक्रिलिक म्हणतो त्याची कहाणी तिथून सुरू होते. म्हणजे तैलरंगाच्या मागे पाच-सहा शतकांचा अनुभव आहे, तर अ‍ॅक्रिलिकच्या मागे जेमतेम सत्तर वर्षांचा. हा विषय कोवळा आहे, आणि नव्या अभ्यासकाला इथे काम आहे ते त्यामुळेच.

ट्यूबमधल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये रेझिनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यासोबत रंगद्रव्य असते. पाणी उडून गेले की कण एकमेकांजवळ येतात, दाबले जातात आणि एकजीव होऊन त्यांचे लवचिक पटल बनते. रंगद्रव्य त्या पटलात कायमचे अडकते. ओले असताना ते कण दुधासारखे पांढरट दिसतात आणि वाळल्यावर पारदर्शक होतात; म्हणून लावताना दिसलेला रंग वाळला की एक छटा गडद होतो. नवशिक्याला याचा फार त्रास होतो. काल जुळवलेला निळा आज जुळत नाही. उपाय एकच: ज्या कापडावर काम चालू आहे तशाच तुकड्यावर आधी बोट फिरवावे, वाळू द्यावे आणि मगच निर्णय घ्यावा. घरांच्या भिंतींना लागणारा इमल्शन पेंट याच कुळातला. पुट्टी, प्रायमर, पॉलिश पेपर, पहिला हात, दुसरा हात हा क्रम ज्याने पेंटरच्या हाताखाली राहून शिकून घेतला आहे, त्याला कॅनव्हासची निम्मी तयारी सांगावी लागणार नाही. फक्त भिंतीचा पेंटर खालचे काही दिसू नये म्हणून दुसरा हात देतो, आणि आपला चित्रकार खालचे किती दिसावे ते ठरवून देतो.

इथे हवामानाचा मुद्दा येतो, आणि पाश्चात्त्य पुस्तके त्याबाबत आपल्या फारशा कामाची नाहीत. रेझिनचे कण एकजीव व्हायला किमान उष्णता लागते. पारा साधारण 9-10 अंश सेल्सिअसच्या खाली गेला की पटल नीट धरत नाही, ठिसूळ राहते, पुढे तडकू शकते. पूर्व विदर्भातल्या डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री एवढ्या थंड असतात. त्या दिवसांत रात्री उघड्या ओसरीवर जाड थर देऊन झोपी जाणे धोक्याचे. मे महिन्यात नेमके उलटे: पारा 44-45 अंशांवर असतो, ब्रश पॅलेटवरून कॅनव्हासपर्यंत नेईस्तोवर रंगाला साय धरते आणि दोन रंग एकमेकांत विरवणे अशक्य होते. स्टीलच्या ताटात ओले फडके अंथरून त्यावर बटर पेपर ठेवला आणि रंग त्यावर काढला, तर तो काही तास ओला राहतो. जोडीला पाण्याची फवारणी आणि रंगात थोडे रिटार्डर, म्हणजे वाळणे लांबवणारे द्रव्य. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वरून वाळलेला थर आतून कच्चा राहतो, आणि त्यावर घाईने दिलेला पुढचा हात तो सुरकुतवतो. शिवाय अ‍ॅक्रिलिकचे पटल उन्हाळ्यात मऊ आणि किंचित चिकट होते. धानाच्या गिरण्यांच्या परिसरात हवेत भुश्याची बारीक धूळ असतेच. ती अशा पृष्ठभागावर बसली की सहजी निघत नाही. तयार चित्रे समोरासमोर टेकवून किंवा बबल शीटमध्ये गुंडाळून उन्हाळाभर ठेवली, तर ती एकमेकांना नाहीतर प्लास्टिकला चिकटतात. कुठल्या महिन्यात कुठला थर द्यावा, याचे एक गोंदियाचे शहाणपण तयार व्हायला हवे. ते मुंबईच्या किंवा न्यूयॉर्कच्या पुस्तकातून येणार नाही.

थरांच्या चित्राचा दुसरा पाया म्हणजे रंगद्रव्याची पारदर्शकता. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो: पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी 15 म्हणजे थॅलो निळा, पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीआर 101 म्हणजे लोहाचा तांबडा. ट्यूबवरच्या आकर्षक नावापेक्षा हा संकेतांक वाचायची सवय लावावी. टायटॅनियम पांढरा अपारदर्शक, खालचे झाकून टाकणारा. थॅलो निळा आणि क्विनाक्रिडोन किरमिजी हे पारदर्शक. त्यांच्या पातळ थरातून प्रकाश खाली उतरतो, खालच्या रंगावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून वर येतो. आपल्याला दिसतो तो या दुहेरी प्रवासातून गाळून आलेला रंग. म्हणून पिवळ्यावर निळ्याचा पारदर्शक थर देऊन मिळणारा हिरवा आणि तेच दोन रंग पॅलेटवर कालवून मिळणारा हिरवा कधीही एकसारखे दिसत नाहीत. पहिल्याला आतून उजेड असतो. थॅलो निळा 1930च्या दशकात बाजारात आला, क्विनाक्रिडोन रंग 1950च्या दशकाअखेरीस. म्हणजे आजच्या थरांच्या चित्रातली ही महत्त्वाची द्रव्ये आणि त्यांना धरून ठेवणारे पाण्यातले रेझिन तीन दशकांच्या आत एकामागोमाग आली. या चित्रपद्धतीच्या जन्मामागे तत्त्वज्ञानाइतकाच रंगांच्या कारखान्यांचा वाटा आहे, ही गोष्ट कलेतिहासात पुरेशी सांगितली जात नाही.

आता एक चित्र घडताना जवळून पाहू. तीन फूट बाय तीन फूट कॅनव्हास घेतला आहे. गेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या प्रायमरचे, दोन हात, एक आडवा, एक उभा. मध्ये बारीक पॉलिश पेपर. पहिला थर पिवळ्या मातकट रंगाचा, मीडियम (रंगद्रव्य नसलेले रेझिन) आणि पाणी घालून पातळ केलेला, फडक्याने पसरवलेला. कुठे दाट, कुठे कापडाचे विणकाम दिसेल इतका विरळ. पाणी बेताचेच, कारण पाण्याचे प्रमाण फार वाढले की रेझिनचे कण विखुरतात आणि रंगद्रव्य भुकटीसारखे हाताला येते. तो वाळल्यावर लोहाचा तांबडा पॅलेट नाइफने काही भागांवर ओढला. ओला असतानाच त्यावर वर्तमानपत्राचा कागद दाबला आणि उचलला. कागदाने निम्मा रंग स्वतःबरोबर नेला. राहिला तो पुळणीवरच्या पाण्याच्या रेषांसारखा, कुणाच्याही हाताला काढता न येणारा. तिसरा थर अल्ट्रामरीनचा. एक भाग रंग आणि ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, देण्यासाठीचे आठ-दहा भाग ग्लेझिंग मीडियम असे मिश्रण रुंद ब्रशने सबंध कॅनव्हासवर. आता तोच निळा पिवळ्यावर राखट हिरवा झाला आणि तांबड्यावर जांभळट तपकिरी. चित्रकाराने एकच रंग लावला, पण चित्रात दोन नवे रंग आले.

चौथ्या थराशी खरी कसोटी लागते. टायटॅनियम पांढऱ्यात चिमूटभर पिवळा घालून पुठ्ठ्याच्या सरळ कडेने तो आडवा ओढला. आतापर्यंतचे बरेचसे त्याखाली गेले. रंग अर्धवट वाळेपर्यंत थांबायचे. किती थांबायचे ते घड्याळ सांगत नाही. पृष्ठभागाची चकाकी कडांकडून उतरू लागली की वेळ झाली. मग त्यावर पाण्याचा फवारा मारायचा, थोडे थांबायचे आणि सुती फडक्याने एकदाच पुसायचे. जिथे रंग पुरता वाळला होता तिथे तो राहतो. मध्ये जिथे ओला होता तिथून निघून येतो आणि खालचा जांभळट तपकिरी उघडा पडतो, भोवती पांढऱ्याची नेमकी कडा सोडून. या उघड्या जागा चित्रकाराने काढलेल्या नाहीत आणि त्या आपोआपही झालेल्या नाहीत. किती जाड ओढायचे, केव्हा फवारायचे, कुठे पुसायचे नाही हे त्याने ठरवले. बाकीचे पाण्याने आणि हवेने ठरवले. पाचव्या खेपेला नवा रंग लावायचा नाही. एका कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवला, की विणकामाच्या उंच गाठींवरून वरचे थर झिजतात आणि पहिला पिवळा ठिपक्या-ठिपक्यांनी परत येतो.

अशा चित्रात खालचा थर वाया जात नाही. तो दिसेनासा झाला तरी वरच्याला रंग, खडबडीतपणा आणि दिशा देत राहतो. काम करताना हे सांभाळणे सर्वांत अवघड असते. एखादा तुकडा तिसऱ्याच थराला फार सुंदर जमून येतो आणि त्याला हात लावायचे धैर्य होत नाही. मग चित्रकार त्या तुकड्याला जपत बाकीचे चित्र त्याभोवती रचू लागतो, आणि चित्र अडते. सुंदर झालेले झाकता येणे ही या पद्धतीतली पहिली शिस्त आहे, असे मी मानतो. अ‍ॅक्रिलिक लवकर वाळते म्हणून काम लवकर होते, हा समज त्यामुळे खरा नाही. पातळ थर वीस मिनिटांत कोरडा होतो हे खरे. पण पुढचा थर कोणता, हे कळायला कधी आठवडा जातो. तैलरंगात ती वाट पाहणे रंगच लादत असे. अ‍ॅक्रिलिकमध्ये ती स्वतःहून पाळावी लागते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे 1967चे ‘अ बिगर स्प्लॅश’ हे अ‍ॅक्रिलिक चित्र अमूर्त नाही, पण या संदर्भात आठवते: आकाश, पाणी, भिंत हे सपाट भाग रोलरने झटपट झाले आणि क्षणभर उसळलेल्या पाण्याच्या शिंतोड्यांना सुमारे दोन आठवडे लागले.

आता आपल्या मातीतला इतिहास. गोंदिया 1 मे 1999 रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. त्याच भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत शंकर पळशीकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात ते विद्यार्थी होते, मग शिक्षक आणि पुढे अधिष्ठाता. महाराष्ट्रातल्या अमूर्त चित्रकलेच्या दोन पिढ्यांवर त्यांच्या शिकवण्याचा ठसा आहे. वासुदेव गायतोंडे यांचे कुटुंब मूळ गोव्याचे, पण त्यांचा जन्म 1924मध्ये नागपुरात झाला. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले. मुंबईला आणि पुढे 1950मध्ये फ्रान्सला जाण्यापूर्वी ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. अंबादास खोब्रागडे अकोल्याचे, ‘ग्रुप 1890’ या कलावंतांच्या गटाच्या 1963च्या प्रदर्शनातले एक चित्रकार. पुढे ते नॉर्वेत स्थायिक झाले. ही सगळी माणसे इथून निघून गेली आणि त्यांची चित्रे विदर्भात घडली नाहीत, हे मान्य करूनच त्यांच्याकडे पाहावे. पण अमूर्त चित्र ही मुंबई-पॅरिसची गोष्ट, आपल्याकडच्या माणसाचा तिच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणाले तर त्याला साकोलीचा रस्ता दाखवावा.

यांतल्या गायतोंडे यांच्याजवळ थांबायलाच हवे, जरी त्यांचे माध्यम तैलरंग होते. थर म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकायचे असेल तर दुसरा गुरू नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंग पसरवत, खरवडत. कागदाचे तुकडे वापरून रंग उमटवत आणि उचलत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे होत. उरलेला वेळ पाहण्यात आणि विचारात जाई. 2014-15मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच चित्र म्हणजे प्रक्रिया हा विचार होता. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे ढीग नसतात. पृष्ठभाग बराचसा पातळ असतो, आणि तरी नजर आत-आत जात राहते. चित्राची खोली रंगाच्या जाडीत नसते, प्रकाश किती थरांतून जाऊन परत येतो यात असते. मॉडेलिंग पेस्टचे जाड लेप थापून ‘टेक्स्चर’ करण्याची जी चाल सध्या सगळीकडे दिसते, तिच्याबद्दल माझा आक्षेप याच जागी आहे. जाडी हाताला कळते, डोळ्याला ती लवकर पुरे होते.

अ‍ॅक्रिलिकमध्ये आपल्याकडे दोन नावे मला अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटतात. रझा 1962मध्ये अमेरिकेत बर्कले विद्यापीठात शिकवायला गेले होते. तिथे त्यांनी अमेरिकी अमूर्त चित्रकला जवळून पाहिली, आणि पुढच्या काळात ते तैलरंगाकडून अ‍ॅक्रिलिककडे वळले. 1972चे ‘तपोवन’, 1973चे ‘ला तेर’, 1983चे दोन मीटर बाय दोन मीटरचे ‘सौराष्ट्र’ ही सगळी अ‍ॅक्रिलिकची कामे. काळ्या-तपकिरी अंधारातून पेटलेला तांबडा आणि केशरी वर येतो, आणि तो कशाखालून कशावर येतो हे शोधत गेले की रझांच्या या चित्रांचे मर्म हाती लागते. दुसरे नाव प्रभाकर कोलते यांचे. 1946मध्ये जन्मलेले कोलते पळशीकरांचे विद्यार्थी. 1972 ते 1994 या काळात त्यांनी ज. जी.मध्ये शिकवले. त्यांच्या अनेक कॅनव्हासांवर एकच रंग, लाल, राखाडी किंवा पिवळा, बहुतेक सगळी जागा व्यापतो, आणि त्यात सोडलेल्या फटींतून, झरोक्यांतून खालचे गजबजलेले रंग दिसतात. ‘आधी काय, मग काय’ हा प्रश्न विचारायला शिकायचे असेल, तर कोलत्यांचे एक चित्र पुरते. तिथे वरचा रंग शेवटी आला आहे आणि त्यानेच खालच्या रंगांना आकार दिला आहे. आकृती भरून काढलेली नाही, भोवतालचे झाकून उरवलेली आहे.

याच अ‍ॅक्रिलिकचा एक वेगळा प्रवास आपल्या शेजारी झाला, तोही विसरू नये. मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आले, आणि मातीच्या भिंतीवरचा त्यांचा हात कागदावर आणि कॅनव्हासवर उतरला. त्यांची रीत थरांची नाही, सपाट रंगावर ठिपक्यांची आणि रेषांची आहे. गोंदियातल्या अभ्यासकाने दोन्ही रीती शेजारी ठेवून पाहाव्यात.

‘हे तर माझे पोरगेही करेल’ हा आक्षेप जुना आहे. पोर रंग सुंदर फासते यात शंका नाही. पण चौथ्या थराला थांबून, तिसऱ्यातला कोणता भाग राखायचा हे ठरवून, पाचवा थर न लावता पॉलिश पेपर उचलणे त्याला जमत नाही. आजकाल रंग ओतून, कॅनव्हास कलता करून काही मिनिटांत नक्षी तयार करण्याचे व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात. त्यातून रंगाची भीती जाते, तेवढे चांगलेच. मात्र तिथे सगळे रंग एकाच वेळी ओले असतात, म्हणून आधी-नंतर हा प्रश्नच उरत नाही, आणि पाहणाऱ्याला शोधायलाही काही राहत नाही.

टिकाऊपणाबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथ्को यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भित्तिचित्रे 1964मध्ये उन्हे येणाऱ्या एका दालनात लावली गेली. त्यांत त्यांनी वापरलेला लिथॉल रेड हा तांबडा प्रकाशात टिकणारा नव्हता. किरमिजी रंग उडून चित्रे काही वर्षांत फिकी निळसर झाली आणि शेवटी उतरवून ठेवावी लागली. 2014मध्ये तिथल्या संग्रहालयाने मूळ चित्रांना हात न लावता त्यांच्यावर हिशेबाने रंगीत प्रकाश टाकून जुना रंग पुन्हा दाखवला. एका थरातले एक कच्चे रंगद्रव्य सगळ्या चित्राचा तोल बदलते. विदर्भातले ऊन लक्षात घेता ट्यूबवरचा प्रकाशस्थैर्याचा दर्जा पाहूनच रंग घ्यावा, आणि पैसे कमी असतील तर मातीचे रंग घ्यावेत: पिवळी माती, गेरू, लोहाचा तांबडा. ते स्वस्त असतात आणि उन्हाला दाद देत नाहीत.

मराठीत वाचायला आधार आहे. प्रभाकर बरवे यांचे 1990चे ‘कोरा कॅनव्हास’ चित्रकाराच्या डोक्यात काय चालते ते चित्रकारानेच सांगितल्यामुळे अजून ताजे आहे. बरव्यांनी स्वतः एनॅमल रंग वापरले, त्यामुळे त्यांना द्रव्याची जाण खोल होती. कोलते यांचे लेखन आहे. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या कलाविषयक प्रकाशनाने गायतोंडे यांच्यावर काढलेला ग्रंथ आहे. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड माणसे आणि काळ जुळवायला हाताशी हवा. या सगळ्यांत माणूस भेटतो, विचार भेटतो. पण अमुक चित्राच्या तिसऱ्या थरात काय होते, मीडियम कोणते, किती दिवसांनी पुढचा हात दिला, हे जवळपास कुठेच नोंदलेले नाही. ते चित्रकाराबरोबर जाते. पुढच्या अभ्यासाची मोठी जागा ही आहे, आणि ती भरायला मोठी संस्था लागत नाही.

म्हणून या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती. दर चित्रासाठी एक वहीचे पान ठेवा. थर दिला की तारीख, रंगद्रव्याचा संकेतांक, त्यात किती पाणी आणि किती मीडियम, हत्यार कोणते, त्या दिवशी ऊन होते की पाऊस, आणि तो थर का दिला हे एका ओळीत. नैसर्गिक उजेडात, तिरप्या बाजूने त्याचा फोटो काढा. चित्र पुरे झाले की त्या पानाची नक्कल कॅनव्हासच्या मागच्या लाकडी पट्टीवर जाड कागदाच्या पाकिटात चिकटवा. पेन्सिलीने लिहा, कारण शाई ओल धरली की पसरते. मुर्रीतल्या, साकोलीतल्या, आमगाव-तिरोड्यातल्या दहा-वीस जणांनी पाच वर्षे एवढे केले, तर मे महिन्यातला ग्लेझ आणि ऑगस्टमधला ग्लेझ यांत काय फरक पडतो, हे मराठीत पहिल्यांदा कागदावर येईल.

मुर्री, जि. गोंदिया